कोरड्या पाइपाचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, एक वड होता आणि त्या वडाची सोसायटी झाली होती. मुळांत राहणारे तळमजल्याचे, ढोल्यांत राहणारे वरच्या मजल्याचे. शेंड्यावरच्या पोपटांना गच्चीचे हक्क हवे होते. त्यांचा अर्ज विचाराधीन होता.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या ढोलीत सोपानराव बोके राहायचे. हे रानमांजर. मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं, घरात एकटा जीव.

आणि या सोपानरावांनी घरात मासे पाळले होते.

हसताय ना? हसा. सगळं जंगल हसलं होतं. पण झालं असं, की सोपानरावांचं ब्लडप्रेशर वाढलं. घुबड डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि म्हणाले, "मासे बंद."

"खायचे?"

"खायचे बंद. बघायचे सुरू. रोज दोन तास. आणि जेवण झाल्यावर हं, पोट भरलेलं असताना."

म्हणून घरात काचेची टाकी आली. जंगलात काच कुठून आली ते विचारू नका. गोष्टीला लागली, म्हणून आली. टाकीत सात मासे आले. पहिला आठवडा सोपानराव टाकीकडे पाठ करून बसले. दुसऱ्या आठवड्यात एका डोळ्याने बघायला लागले. महिन्याभरात त्यांनी नावं ठेवली. सहा माशांना आपल्या सहा मावश्यांची, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या माशाला शेवंती.

ही शेवंती मोठी गुणाची. सोपानरावांनी काचेवर पंजा ठेवला की ती आतून येऊन बरोबर तिथे तोंड टेकवायची. एकदा तिने दोन दिवस काही खाल्लं नाही, तर सोपानरावांच्या घशाखालीही घास उतरला नाही. ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टरांनी फी म्हणून दोन उंदीर घेतले आणि विषय संपला.

पण पाण्याचा विषय सुरू झाला.

माशांना वाहतं पाणी लागतं. त्यासाठी खाली ओढ्यावर दोन खेकडे रहाट फिरवून पाणी वर चढवायचे. ते टाकीत पडायचं, आणि टाकी भरली की वरचं पाणी एका पाइपातून परत ओढ्यात जायचं. खेकडे कामाला चोख होते. त्यांची अट एकच. थांबायचं असेल तर लेखी सूचना हवी, दोन प्रतींत.

पाइपाचा मात्र आवाज यायचा. साधासुधा नाही. आधी सुर्रर्र, मग गुडगुडगुड, मग कुणीतरी ताकाचा तळ ओरपावा तसा फर्रर्र. की पुन्हा सुर्रर्र. दिवसभर.

नुसत्या आवाजाचं एक वेळ चाललं असतं. पण पाणी वाहिल्याचा आवाज कानावर पडला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अख्ख्या वडाला सारखी घाईची लागायची. माकडं पत्त्यांचा डाव अर्धा टाकून पळायची. पोपटांची तर रांग लागायची.

टाकीच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, साळूबाई साळिंदर राहायच्या. स्वभावाने फार मायाळू. फक्त शेजारी काय शिजतंय, कोण आलं आणि किती वेळ बसलं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"भावजी, मी काही बोलत नाही हो," त्या रोज वर येऊन बोलायच्या. "पण आज सकाळपासून सातदा जाऊन आले. सातदा! आणि तुमच्याकडे आज भोपळा आहे का? वास आला म्हणून विचारलं."

शेवटी तक्रार सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी होते घोरपडेसाहेब. घोरपडच ते. एकदा एखाद्या विषयाला चिकटले की चौघांनी ओढलं तरी सुटायचे नाहीत. त्यांनी नोटीस काढली:

"येत्या रविवारपर्यंत सदर टाकीचा आवाज पूर्ण बंद करावा. अन्यथा सदर मासे नदीत सोडण्यात येतील."

नदीत सोडणं म्हणजे ऐकायला किती छान! पण नदीच्या घाटावर सोपानरावांचे सात पुतणे राहायचे, आणि ही बातमी त्यांना आधीच लागली होती. सातही जण ओळीने पंगतीला बसले होते. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. मीठ वाढून झालं होतं.

सोपानरावांनी शेवंतीकडे बघितलं. शेवंतीने काचेला तोंड टेकवलं.

"नाही ग," सोपानराव म्हणाले. "मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगसे प्लंबरला बोलावलं. मुंगूसच तो, बिळांत शिरण्याचा पिढीजात अनुभव. मुंगशाने पाइपाला कान लावला, डोकं खाजवलं, चहा मागितला आणि चहा पिता पिता म्हणाला, "अण्णा, हा आवाज पाण्याचा नाही."

"मग कुणाचा?"

"हवेचा. पाणी बिचारं गुपचूप खाली जायला तयार असतं. वाटेत हवा शिरते आणि दोघांची जुंपते. हवेला आत घेतलंच नाही, की मिटलं भांडण."

त्याने जुना पाइप उपटला आणि टाकीत तीन नवे उभे केले.

"हा पहिला. याचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे. खाली चावी दिलीय. ती इतकीच आवळायची, की पाइप कायम पाण्याने गच्च भरलेला राहील. हवेला पाऊल ठेवायला जागा नको. जवळपास सगळं पाणी हाच नेणार, आणि एक शब्द बोलणार नाही."

"बरं."

"हा दुसरा, जरा उंच. पहिल्याकडून उरलेलं ओंजळभर पाणी हा आतल्या भिंतीला धरून हळूच उतरवेल."

"आणि तिसरा?"

तिसरा पाइप सगळ्यांत उंच होता. पाण्याच्या वर दोन बोटं, कोरडा ठणठणीत, तोंड आभाळाकडे.

"तो काही करणार नाही."

"मग लावलाय कशाला?"

मुंगशाने चहाचा कप खाली ठेवला. "अण्णा, उद्या पहिल्यात एखादं पान अडकलं, दुसरा तुंबला, तर पाणी वर चढणार. त्या दिवशी हा सगळं पिऊन टाकेल. त्या एका दिवसासाठी हा वर्षानुवर्षं तोंड उघडून उभा राहणार. याच्या तोंडावर काही ठेवायचं नाही. झाकण नाही, फडकं नाही. हातसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं."

"परत सांगा."

"हातसुद्धा नाही."

मग चावी लावणं सुरू झालं. जरा जास्त आवळली की पाणी चढायचं. जरा सैल सोडली की गुडगुड व्हायची. सोपानराव पोटावर पडून चावी फिरवत होते आणि मुंगसे वरून सांगत होता. "तांदळाएवढी डावीकडे. अहो तांदळाएवढी म्हटलं, भोपळ्याएवढी नाही." सकाळची दुपार झाली.

आणि आवाज थांबला.

इतका थांबला, की सोपानरावांना स्वतःच्या पोटातलं ऐकू आलं. पाणी येत होतं, पाणी जात होतं, आणि मध्ये काही नव्हतं. माकडांचा पत्त्यांचा डाव त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण झाला. कोण फसवतंय ते कळलं आणि मोठी मारामारी झाली.

मुंगसे पिशवी उचलून दुसऱ्या कामाला गेला. वारुळाला गळती लागली होती.

रविवारी घोरपडेसाहेब सगळ्या सोसायटीला घेऊन तपासणीला आले. त्यांच्या हातात ना-हरकत दाखला होता. तो मिळाला की मासे घरात राहणार. सगळं लिहून तयार होतं, फक्त सही बाकी होती.

साहेबांनी पाइपांना कान लावला. जीभ बाहेर काढली, आत घेतली.

"पाणी चालू आहे ना नक्की?"

"चालू आहे, साहेब."

"मग ऐकू कसं येत नाही?"

"म्हणूनच तर तीन पाइप बसवलेत."

"मी तर कालपासून फक्त दोनदाच..." साळूबाईंनी सुरुवात केली.

"वहिनी, पुरे," सोपानराव म्हणाले.

साहेबांनी लेखणी काढली. सोपानराव दाखल्याकडे झुकले. साहेबांनी लेखणी पुन्हा ठेवली.

"सही होईल. पण आधी सत्कार."

कारण बाळांनो, एखादं काम चांगलं झालं आणि सत्कार न होता सगळे घरी गेले, असं त्या सोसायटीत कधी घडलं नव्हतं. शाल पेटीतून काढून आणली होती. श्रीफळ आणलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून पिंपळाखालच्या सोसायटीचे गवासाहेब येऊन बसलेसुद्धा होते, आणि ते बसल्यामुळे आणखी कुणाला बसायला जागा उरली नव्हती.

"मुंगसे कुठे आहेत?" घोरपडेसाहेबांनी विचारलं.

"वारुळावर. ते येत नाहीत म्हणाले. सत्कारापेक्षा गळती महत्त्वाची म्हणाले."

सभेत कुजबुज झाली. हा काय उद्धटपणा! शाल तर उलगडली होती. आता पुन्हा घडी कशी घालायची?

"मुंगसे नसले तर नसले," घोरपडेसाहेब म्हणाले. "काम तर पाइपांनी केलंय. पाइपाचा सत्कार करू."

सगळ्यांना पटलं. प्रश्न एवढाच, की कोणत्या पाइपाचा. पहिला पाण्यात बुडालेला. शाल भिजली असती. दुसराही ओला. मग सगळ्यांच्या नजरा तिसऱ्याकडे वळल्या. ताठ उभा, कोरडा, शांत. सत्कारमूर्ती असावा तर असा.

"अहो, पण तो काहीच करत नाही," सोपानराव म्हणाले.

"म्हणजे ज्येष्ठ आहेत," घोरपडेसाहेबांनी समजावलं, आणि शाल घातली, वर हार घातला.

टाळ्या झाल्या. मग श्रीफळ द्यायची वेळ आली. पाइपाला हात नव्हते. साहेब नारळ घेऊन नुसतेच उभे राहिले.

तेव्हा साळूबाई पुढे झाल्या. त्यांना काही अडलेलं बघवायचंच नाही.

"अगंबाई, बघा ना तोंड कसं रिकामं दिसतंय! बरं दिसतं का चारचौघांत? कलशासारखंच आहे की हे. आणा इकडे."

त्यांनी आंब्याची पाच पानं पाइपाच्या तोंडात लावली. वर नारळ ठेवला, शेंडी आभाळाकडे. मग हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबला. मग वरून दोन थापा मारल्या.

"कसा घट्ट बसला बघा! जसा काही मापाचाच!"

सोपानरावांनी तोंड उघडलं.

"काही म्हणायचंय, सोपानराव?" घोरपडेसाहेबांनी हातातला दाखला जरा वर धरला. "हरकत असेल तर मोकळेपणाने सांगा. तुमची हरकत असली तर मला ना-हरकत देता येणार नाही, एवढंच."

सोपानरावांनी दाखल्याकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. शेवंतीकडे बघितलं. मनात म्हणाले, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. सगळे गेले की उतरवू.

"छान दिसतोय," ते म्हणाले.

मग पुष्पवृष्टी झाली. माकडांनी झेंडूच्या दोन टोपल्या वरून मोकळ्या केल्या. निम्मी फुलं सत्कारमूर्तींवर पडली आणि निम्मी टाकीत. गवासाहेब भाषणाला उभे राहिले.

"पाइपसाहेबांचा आणि माझा परिचय जुना नाही," त्यांनी सुरुवात केली. "परंतु त्यांच्याकडे पाहिलं की वाटतं, आयुष्य असावं तर असं. कधी आवाज नाही. कधी मागणी नाही..."

इकडे पहिला पाइप आपलं काम मुकाट करत होता. आलेलं पाणी नेत होता, आणि पाण्याबरोबर झेंडूही नेत होता. एक नेला. दोन नेले. चौथा आडवा आला. पहिला पाइप बंद पडला.

दुसऱ्यावर सगळा भार आला. सुर्रर्र. गुडगुडगुड. फर्रर्र.

अर्धी सभा ताडकन उठली आणि झुडपांकडे पळाली. गवासाहेबांना वाटलं, भाषण रंगत नाही. त्यांनी ते वाढवलं.

"मला आठवतं, माझ्या लहानपणी..."

मग हाराचा दोरा दुसऱ्या पाइपात गेला, आणि आवाज एकदम थांबला.

"बघा," घोरपडेसाहेब अभिमानाने म्हणाले. "पुन्हा शांतता."

सोपानरावांची नजर पाण्यावर होती. पाणी चढत होतं. आंब्याच्या पानांना लागलं. नारळाच्या भोवती फिरलं. आत जायला वाट शोधत होतं, आणि वाट नव्हती. शालीचे काठ ओले झाले. सोपानरावांनी झेप घेतली आणि नारळाला हात घातला. घोरपडेसाहेबांनी त्यांचं मनगट पकडलं.

"सत्कार चालू असताना श्रीफळ काढता?"

"साहेब, सोडा! पाणी!"

"पाहुण्यांचं भाषण संपू दे."

घोरपडीची पकड ती. सुटते कुठली! नारळही सुटेना आणि साहेबही सुटेनात. तेवढ्यात काठावरून पाणी कोसळलं. खालून साळूबाईंच्या घरातून भांडी तरंगल्याचा आवाज आला.

"माझं अंथरूण!" साळूबाई किंचाळल्या आणि खाली धावल्या.

"रहाट थांबवा रे!" सोपानराव ओढ्याकडे बघून ओरडले.

"लेखी?" खालून खेकड्यांनी विचारलं.

घोरपडेसाहेबांना लेखी कामाचं महत्त्व कळायचं. त्यांनी मनगट सोडलं आणि घाईघाईने सूचना लिहिली. दुसरी प्रत भिजली. खेकड्यांनी ती परत पाठवली. सही वाचता येत नाही म्हणाले.

आता पहिली मावशी काठावरून खाली पडली. मग दुसरी. पाण्याचा लोट ढोलीतून निघाला, बुंध्यावरून उतरला आणि नदीच्या वाटेला लागला. त्या वाटेच्या टोकाला सात पत्रावळी मांडलेल्या होत्या.

सोपानराव धावले. पंजाने धरावं तर नखं लागतील. म्हणून मांजर पिल्लाला उचलतं तसा त्यांनी मासा तोंडात धरला, दात न लावता, आणि उड्या मारत साळूबाईंच्या दारातल्या रांजणात नेऊन सोडला. परत आले. दुसरा नेला. तिसरा.

"खातोय!" माकडं वरून ओरडली. "बघा, बघा, खातोय!"

"मी म्हणालोच होतो," पोपट म्हणाले. त्यांच्यातला कुणीही काहीही म्हणाला नव्हता.

सहा झाले. शेवंती राहिली. ती चिखलात पडून तोंडाची उघडझाप करत होती. सोपानरावांनी तिला अलगद उचललं.

आणि बाळांनो, खोटं कशाला सांगू? जेवण सत्कारानंतर होतं. पोट रिकामं होतं. सहा वेळा सोडलेली चव वर्षभराने जिभेवर उतरली होती. सोपानरावांच्या घशाने एकदा गिळायची तयारी केली. शेवंती तोंडात हलली नाही. तिने आतून तोंड टेकवलं, काचेला टेकवायची तसंच, त्यांच्या टाळूला.

सोपानरावांनी डोळे मिटले, उघडले आणि चालायला लागले.

समोर घोरपडेसाहेब उभे होते. मागे सगळी सभा.

"सोपानराव, तोंडात काय आहे?"

सोपानरावांनी ओठ घट्ट मिटले.

"तोंड उघडा. सभेसमोर."

उघडलं तर शेवंती जमिनीवर पडणार आणि पुरावा होणार. नाही उघडलं तर ती आत गुदमरणार. सोपानराव मान हलवत राहिले. होय की नाही, ते त्यांनाही कळत नव्हतं.

साळूबाई दारात भिजून उभ्या होत्या. शेजारच्याच्या तोंडात काय आहे हे बघणं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांना पिकल्या मिशीच्या कोपऱ्यात शेपटीचं टोक दिसलं. मग त्यांनी आपल्या रांजणात बघितलं. सहा मासे फिरत होते. साळूबाईंना सगळं कळलं.

"अहो साहेब, विडा आहे तो!" त्या म्हणाल्या.

"विडा?"

"मग? सत्कार म्हटल्यावर विडा नको? मीच दिला. आता काय पाहुण्यांच्या पुढ्यात पिंक टाकायला लावता त्यांना?"

"विडा हलतोय," एक माकड म्हणालं.

"तुझं डोकं हलतंय! देठ आहे तो पानाचा!" आणि साळूबाईंनी अंगावरचे सगळे काटे फर्रकन उभे केले. सभा चार पावलं मागे सरली. गवासाहेब तर आठ सरले. सोपानराव मधून निघून रांजणापाशी गेले आणि खाली वाकले.

डुबुक.

शेवंती तळाला गेली. मग हळूच वर आली.

थोड्या वेळाने खेकडेही थांबले. जेवणाची सुट्टी झाली होती.

घोरपडेसाहेबांनी टाकीला कान लावला. टाकी रिकामी होती. साहेब शिस्तीचे. त्यांनी फॉर्म काढला, "आवाज अजिबात नाही" असं लिहिलं आणि दाखल्यावर सही ठोकली. तर अशी सोपानरावांना मासे ठेवायची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मुंगसे आला. त्याने पहिल्या पाइपातून चार झेंडू काढले आणि दुसऱ्यातून हार काढला. मग तिसऱ्यासमोर उभा राहिला.

"हा नारळ कुणी बसवला?"

"मी!" साळूबाई म्हणाल्या. "पानं पण मीच लावली."

"कल्पना माझी," घोरपडेसाहेब म्हणाले.

"फुलं आमची," माकडं म्हणाली.

"याच्यामुळे पूर आला," मुंगसे म्हणाला.

मग मात्र नारळ कुणीच बसवला नव्हता. समिती नेमण्यात आली. समितीने तीन बैठका घेतल्या आणि निष्कर्ष काढला, की पूर पाण्यामुळे आला. मुंगसे नारळ उपटायला गेला तेव्हा साहेबांनी त्याला अडवलं. एकदा झालेला सत्कार परत घेता येत नाही, असा नियम होता. शाल वाळवून पुन्हा घालण्यात आली. दर रविवारी कुणीतरी येऊन त्या पाइपाला नमस्कार करायचं.

मुंगशाने शेजारी चौथा पाइप उभा केला. तितकाच उंच, तितकाच कोरडा, तोंड उघडं. सातही मासे टाकीत परत आले. चावी तांदळाएवढी फिरली. आवाज थांबला.

आठ दिवसांनी घोरपडेसाहेब सहज म्हणून डोकावले. जीभ बाहेर आली, आत गेली.

"सोपानराव, हे नवीन कोण?"

"कोण?"

"हे. ताठ उभे आहेत. शांत दिसतात." साहेबांचा आवाज मऊ झाला. "पेटीत अजून एक शाल आहे."

सोपानरावांनी पाण्याकडे बघितलं. शेवंती झेंडूच्या दिवसापासून जरा तिरकी पोहत होती. सोपानराव साहेबांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणला.

"साहेब, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं."

"का हो?"

"चालचलन चांगलं नाही. आधीच्या ठिकाणी मालकाशी भांडून आलाय. दिवसभर नुसता उभा असतो, इकडची काडी तिकडे करत नाही. आणि..."

"आणि काय?"

"संधी मिळाली की पितो. सगळं पितो."

साहेब दोन पावलं मागे सरले. "अरे अरे. आणि दिसतो किती सरळ!"

भिंतीला कान लावून बसलेल्या साळूबाईंना एवढं पुरलं. त्यांनी सोपानरावांकडे बघितलं, सोपानरावांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि साळूबाई पदर खोचून बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं, की चौथ्या पाइपाने दोन घरं मोडली आहेत, त्याच्यावर नदीपलीकडे तक्रारी आहेत, आणि त्याला बघून बोक्यांच्या टाकीतल्या माशांनासुद्धा लाज वाटते. त्यानंतर त्या पाइपाकडे कुणी फिरकलं नाही. आयाबाया पोरांना त्या ढोलीवरून जाताना डोळे झाकायला सांगायच्या.

पुढे आषाढात एक पान कुठूनसं उडत आलं आणि पहिल्या पाइपात अडकलं. दुसरा तुंबला. पाणी चढलं, चौथ्या पाइपाच्या तोंडाशी आलं, आणि त्याने ते गटागट पिऊन टाकलं. एक थेंब खाली पडला नाही. साळूबाईंचं अंथरूण कोरडं राहिलं. शेवंती काचेशी आली. सोसायटीला काही कळलंसुद्धा नाही.

सोपानरावांनी त्याला पुसून कोरडा केला, त्याच्यावरून हलकेच पंजा फिरवला, आणि लगेच सेक्रेटरींकडे जाऊन त्याच्याविरुद्ध आणखी एक तक्रार नोंदवली.

तात्पर्य: ज्याच्यावाचून आपलं खरोखर अडेल, त्याच्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलू नये, बाळांनो. बोललात, की लोक शाल घेऊन येतात.